दोन देशांची हद्द आणि हिरव्या दोऱ्याचा टॉवेल

मालिका चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिला नावं ठेवली की कुणी म्हणायला नको, म्हातारीला काही कळलंच नाही.

युरोपातली आहे. दोन देश, मधे डोंगर, डोंगरावर बर्फ. पूर्वी हद्दीवर जकात नाका होता. आता तिकडची माणसं न विचारता या देशातून त्या देशात जातात, म्हणून नाका ओस पडलेला. त्या नाक्याच्या खोलीत एका न्यायाधीशाचं प्रेत खुर्चीवर बसवलेलं सापडतं. फरशीवर हद्दीची पिवळी रेघ आहे आणि खुर्ची बरोबर रेघेवर. मग दोन्ही देशांचे पोलीस येतात. डोंगराकडची एक बाई, पन्नाशीची, आणि सपाटीकडचा एक जाडा, सतत घाम पुसणारा माणूस. दोघं मिळून आठ भागांत खुनी शोधतात.

मी ती पाहिली नातीमुळे. स्कूटीवरून पडून तिचा पाय मोडला आणि दीड महिना ती प्लास्टर घालून हॉलमधल्या दिवाणावर पडून होती. मुलगा आणि सून नोकरीवर जायचे. गंगापूर रोडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी आम्ही दोघीच. जेवणं आटोपली की ती म्हणायची, "आजी, चल, प्रेत बघू." मी भांडी तशीच सिंकमध्ये टाकून बसायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. खालची अक्षरं वाचेपर्यंत चित्र पुढे निघून जातं, म्हणून तिनं हिंदी आवाज लावून दिला.

त्या पोलीस बाईचा स्वेटर आठही भागांत एकच आहे, कोपरावर विटलेला. आपल्याकडच्या मालिकेत बाई झोपेतून उठते तरी ओठ रंगवलेले. ही दमली की दमलेली दिसते. कुणी मेलं की वाजंत्री सुरू होत नाही आणि एकच तोंड तीन वेळा फिरवून दाखवत नाहीत. जाडा न्यायाधीशाच्या बायकोसमोर जाऊन बसतो तेव्हा दोघं बराच वेळ काहीच बोलत नाहीत. नुसतं घड्याळ ऐकू येतं. नात म्हणाली, "बोअर." मी म्हणाले, "गप. असंच असतं." सांगायला आलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही, आणि बायकोला त्यानं काही बोलावं असं वाटतही नसतं.

आता खोट. हिंदी आवाज देणारी एकच बाई तिघींचं बोलते. दुसऱ्या भागात मेलेली बाई चौथ्या भागात पुन्हा बोलायला लागली की काय, असं मला वाटलं. आठ भागांत कुणी धड जेवत नाही. कॉफी पितात आणि पळतात. प्रत्येक जण एकटाच बॅटरी घेऊन जंगलात शिरतो. आणि न्यायाधीशाच्या शेजाऱ्यांना पाचव्या भागापर्यंत कुणी काही विचारत नाही. शेजारणीला पहिल्या तासात विचारलं असतं तर तीन भागांत मालिका संपली असती.

पण सगळ्यात खोटं मला पहिल्याच भागात दिसलं. प्रेत रेघेवर सापडतं आणि दोन्ही देशांचे पोलीस भांडतात. ही म्हणते प्रेत माझं, तो म्हणतो माझं. मी हसले.

"काय झालं गं आजी?"

"पोलीस असे भांडत नाहीत. तुझं आहे, तुझं आहे, असे भांडतात."

हे मला माहीत आहे, कारण माझा नवरा असाच दोन ठाण्यांच्या मधे दुपारपर्यंत पडून होता. त्याला बावीस वर्षं झाली. ज्यानं त्याला उचलून हद्दीपलीकडे नेऊन टाकलं तो माणूस अजून जिवंत आहे. मालिका पाहायला बसले तेव्हा त्याचा सूड घ्यायचा असं माझ्या मनात पक्कं नव्हतं. पाचव्या भागानंतर झालं. कसं, ते सांगते.

पिंपळगाव बसवंतपासून थोडं आत आमचं गाव. गावाच्या टोकाला ओढा आणि ओढ्यावर फरशी, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल. फरशीच्या अलीकडे आमचा तालुका, पलीकडे दुसरा. ठाणीही वेगळी. नवरा रोज सकाळी सायकलला दुधाची किटली अडकवून पलीकडच्या डेअरीला जायचा. त्या दिवशी सात वाजता शेजारीण पळत आली. म्हणाली, "चला, लवकर चला."

मी गेले. फरशीच्या अलीकडे रस्ता पांढरा झालेला. किटलीचं झाकण तिथंच, आणि गाडीच्या दिव्याच्या काचा. नवरा तिथं नव्हता. तो होता फरशीच्या पलीकडे, बाभळीखाली आडवा, सायकल बाजूला टेकवून ठेवलेली. मधे शंभर पावलं. मी नंतर मोजली. गाडीनं उडवलेला माणूस शंभर पावलं उडत नाही, आणि सायकल झाडाला टेकून उभी राहत नाही.

माणूस उचलता येतो, सायकल उचलता येते. सांडलेलं दूध उचलता येत नाही. पण गावात कुत्री असतात. आमच्या ठाण्याचा हवालदार साडेदहाला आला, तोवर त्यांनी रस्ता चाटून काढला होता. फरशीच्या अलीकडे मोटारसायकल उभी करून तो म्हणाला, "बाई, बॉडी त्यांच्या हद्दीत हे. मला हात लावता येत नाय."

मी म्हणाले, "अपघात इथं झालाय. ही काच बघा."

"काच कुणाची बी असंल."

पलीकडच्या ठाण्याचा बारा वाजता आला. त्यानं काच पाहिली, झाकण पाहिलं आणि म्हणाला, "मंग अपघात त्यांचा. आमच्याकडं कशाला?" दोघं फरशीच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांशी फोनवर बोलत होते. एप्रिल महिना. दोन वाजेपर्यंत मी पदरानं माशा वारत बसले होते.

नवऱ्याच्या तोंडावर एक टॉवेल टाकलेला होता. पांढरा, कोरा. चार दिवसांपूर्वी भावकीत लग्न झालं होतं. आमच्याकडे लग्नात भावकीतल्या प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाला टॉवेल-टोपी देतात. चाळीस घरं, चाळीस टॉवेल, सगळे एकाच गठ्ठ्यातले. धुणं एका विहिरीवर, वाळत घालायचं एका कुंपणावर. बदलाबदली होऊ नये म्हणून टॉवेल घरात आला की बाई आधी त्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे टाके घालते. माझा दोरा निळा. या टॉवेलच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची फुली होती. हिरवी फुली माझ्या चुलत जावेची. म्हणजे गावच्या पोलीस पाटलाच्या बायकोची.

पोलीस पाटील म्हणजे गावात पोलिसांचा माणूस. काही झालं की ठाण्याला आधी त्यानं कळवायचं. आमचा पोलीस पाटील माझ्या नवऱ्याचा धाकटा चुलत भाऊ. मी त्याला भाऊजी म्हणते. त्याच्या जावयाचा टेम्पो होता, द्राक्षाचे क्रेट वाहायचा. त्या दिवसापासून दहा दिवस तो टेम्पो गावात दिसला नाही. आला तेव्हा नवी काच, नवा बंपर आणि पुढचा पत्रा ताज्या रंगाचा. सगळ्या गावानं पाहिलं आणि सगळं गाव आपापल्या कामाला गेलं.

मी दोन्ही ठाण्यांत सांगितलं. पलीकडच्या हवालदारानं टॉवेल दोन बोटांत धरला. "बाई, हिरवा दोरा कोणाच्या घरात नसतो?" आणि तो बाकीच्या कपड्यांच्या बोचक्यात टाकून माझ्याकडेच परत दिला. कागद या ठाण्यातून त्या ठाण्यात गेले, त्या ठाण्यातून या ठाण्यात आले, आणि एक दिवस यायचे थांबले.

मालिकेतला खुनी मुद्दाम खुणा ठेवतो. प्रत्येक प्रेताच्या खिशात जुन्या जकातीची एक पावती. मला हे पटलं नाही. खरा माणूस खूण ठेवायला जात नाही, ती त्याच्या सवयीनं राहते. भाऊजीनं सगळं डोकं चालवून केलं. आपल्या हद्दीतला अपघात दुसऱ्याच्या हद्दीत नेला, म्हणजे आपल्याला पंच म्हणून उभं राहायला नको, जावयाचं नाव घ्यायला नको. पण मेल्या माणसाचं तोंड उघडं ठेवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि टाकला. बायकोच्या टाक्यांकडे कुठला पुरुष बघतो?

आणि खरं सांगायचं तर त्या टॉवेलमुळेच मी बावीस वर्षं दातावर दात ठेवून बसले. पुढे पिंपळगावला पॅकहाउसमध्ये द्राक्षं कातरायला जायचे, तेव्हा हातात कात्री असायची आणि डोक्यात भाऊजी असायचा. पण दर वेळी मनात यायचं, एवढं तरी केलं त्यानं. झाकलं तरी. टेम्पो जावयाचा होता, लेकीचा संसार होता, घाबरला असेल. मी टॉवेल धुतला नाही आणि टाकलाही नाही. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला. मुलाला नाशिकला नोकरी लागली तेव्हा पेटीही नाशिकला आली.

मग पाचवा भाग. त्यात आणखी एक प्रेत सापडतं, एका वकिलाचं, चेहऱ्यावर स्वतःचाच मफलर टाकलेला. प्रेतं तपासणारी एक डॉक्टरीण आहे, बारीक, केस कापलेली. ती तो मफलर दिव्यासमोर धरते आणि त्या स्वेटरवालीला सांगते, "हे बघ. रक्तात बुडबुडे आहेत, तसेच वाळलेत. मेलेला माणूस श्वास घेत नाही. कपडा टाकला तेव्हा हा जिवंत होता."

नात शेंगदाणे खात होती. मी म्हणाले, "मागं घे."

"काय?"

"ते बोलली ते परत लाव."

तिनं तीन वेळा लावलं. मग मी आत जाऊन पेटी उघडली. टॉवेल खिडकीत नेला. बावीस वर्षांत मी तो कितीदा हातात घेतला असेन, पण डागाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. डाग चहासारखा झाला होता. मधोमध, तोंडाच्या जागी, बारीक बारीक गोल कडी होती, एकाला एक चिकटलेली. उतू गेलेलं दूध शेगडीवर वाळतं ना, तशी.

नात कुबड्या घेऊन दारात आली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, ही मालिका आहे. दाखवतात ते सगळं खरं असेलच असं नाही."

"मग कुणाला विचारू?"

पुढच्या आठवड्यात तिच्या पायाचा फोटो काढायला गेलो तेव्हा मी हाडाच्या डॉक्टरला विचारलं. पिशवीतून टॉवेल काढून टेबलावर ठेवला. तो आधी बिचकला. मग चष्मा वर करून बघितलं. "होऊ शकतं, आजी. पण एवढ्या जुन्या कपड्यावरून छातीठोक कुणी सांगणार नाही."

मला छातीठोक नको होतं. मला कोर्टात जायचं नव्हतं. टेम्पो तिथं उभा होता. पिंपळगावचा दवाखाना टेम्पोनं दहा मिनिटांवर. भाऊजीनं जिवंत भावाला उचललं, शंभर पावलं वाहून नेलं, बाभळीखाली ठेवलं आणि त्याच्या श्वासावर टॉवेल टाकला. कदाचित त्याला वाटलं असेल की संपलं. कदाचित त्यानं नाकाशी हात धरूनही बघितलं नसेल. ज्या एका गोष्टीसाठी मी त्याला सोडून दिलं होतं, तीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट निघाली.

हे काम मालिकेनं केलं. कुठल्या ठाण्यानं केलं नाही. म्हणून म्हणते, मालिका चांगली आहे.

त्यानंतर आठच दिवसांत भाऊजी घरी आला. मी बोलावलं नव्हतं. पत्रिका घेऊन आला होता. त्याला पंचाहत्तर पूर्ण होत होती, गावात मोठा कार्यक्रम, जोडीनं सत्कार. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर पांढरा टॉवेल. टीव्ही चालू होता. मधे थांबवलेली मालिका आम्ही पुन्हा लावली होती, सहावा भाग.

"काय बघतायसा वहिनी? इंग्रजी?"

"खून आहे. दोन देशांच्या हद्दीवर."

तो सोफ्यावर बसून थोडा वेळ बघत राहिला. "या लोकांना लय येळ हे बाबा. एका माणसाच्या मागं आठ आठ गाड्या."

"भाऊजी, तुम्ही एवढी वर्षं पोलीस पाटील होता. एक विचारू? प्रेत एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवलं तर कळतं का हो?"

तो टीव्हीकडेच बघत होता. "तिकडं कळत असंल."

"आणि तोंडावर कपडा टाकायच्या आधी नाकाशी हात धरून बघतात का?"

चहाचा कप ओठाजवळ होता, तो त्यानं खाली बशीत ठेवला. "वहिनी, आज काय हे इषय?"

"मालिका बघते ना. त्यात दाखवलं."

"हां हां." मग त्यानं पत्रिका माझ्यापुढे केली. "तुमी यायलाच पायजे. भावकीत आता तुमीच वडील. माझा सत्कार तुमच्या हातून करायचा, आसं पोरांनी ठरवलंय. तुमच्या पोराला नोकरी लागली तवा दाखला मीच दिला होता, ते बी सांगणारेत."

दाखला म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा. तो गावातल्या प्रत्येक पोराला मिळायचा.

"येईन की," मी म्हणाले. "काय काय आणू?"

"काय बी नका आणू. शाल, टोपी, टॉवेल, नारळ सगळं पोरं आणून ठेवतील."

"टॉवेल मी आणते."

त्याचं तोंड फुललं. "तुमच्या हातचा म्हणल्यावर मंग काय!"

तो गेल्यावर नात म्हणाली, "आजी, तू काय करणार आहेस?" मी म्हणाले, "टॉवेल देणार आहे. त्याचाच आहे."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आठवा भाग पाहिला. खुनी निघाला त्या जकात नाक्यावरचा म्हातारा कारकून. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. गाडी नाक्यावर आली आणि दोन्हीकडचे साहेब कागदावरून भांडत बसले, तोवर ती गाडीतच मेली. न्यायाधीशानं प्रकरण दाबलं, वकिलानं त्याला मदत केली. इथपर्यंत मला फार आवडलं. मी त्या म्हाताऱ्याच्या बाजूनं होते.

मग त्यांनी माती केली. शेवटच्या अर्ध्या तासात त्या म्हाताऱ्याला वेडा करून टाकलं. भिंतीशी बोलतो, बायकोचा झगा मांडीवर घेऊन झुलतो. सात भाग ज्यानं दोन देशांच्या पोलिसांना फिरवलं तो असा एकदम भ्रमिष्ट कसा होईल? बनवणाऱ्यांना भीती वाटली असणार, बघणारे त्याच्या बाजूनं जातील म्हणून. सूड घेणारा माणूस भिंतीशी बोलत नाही. तो दळण आणतो, नातीला दवाखान्यात नेतो, आणि दिवस यायची वाट बघतो. आणि ती स्वेटरवाली, जी सात भाग गप्प होती, ती त्याला भाषण देते, "एवढं करून तुझी बायको परत आली का?"

मी टीव्हीला म्हणाले, "ती येणार नाही हे त्याला तुझ्याआधी माहीत आहे, बाई. तो त्यासाठी करतच नाहीये."

नात हसली, पण थोडीच.

कार्यक्रम सकाळी अकराला. देवळासमोर मांडव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स, त्यावर मधे भाऊजी आणि भोवती भावकीतली सगळी तोंडं. जावईही होता. टेम्पो विकून त्यानं कधीच ट्रक घेतले होते. पोटही सुटलं होतं. स्टेजवर दोन सिंहासनं ठेवली होती, लग्नात असतात तसली. एकावर भाऊजी, एकावर माझी जाऊ. माइकवर एक निवृत्त मास्तर बोलत होते. "अपघातात भाऊ गमावल्यावर त्या माउलीच्या मागे पाटील डोंगरासारखे उभे राहिले," असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला वर बोलावलं.

मी टोपी घातली, नारळ दिला. मग पिशवीतून टॉवेल काढला. घरी नीट घडी करून आणला होता, डाग आतल्या बाजूला. तो मी त्याच्या गळ्यात घातला, डागाची बाजू मानेला लागेल असा, आणि हिरव्या फुलीचा कोपरा पुढे छातीवर सोडला. त्यानं बघितलं नाही. तो लोकांना हात जोडत होता.

जावेनं बघितलं. बायकांचा हात आपोआप जातो, नवऱ्याच्या गळ्यातलं सारखं करायला. तिचा हात गेला, बोटं कोपऱ्याशी आली आणि तिथंच राहिली. ती फुलीवर अंगठा फिरवत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी वाकून तिच्या कानात म्हणाले, "तुझेच टाके आहेत. माझ्या माणसाच्या तोंडावर सापडला होता. घरी गेल्यावर आतून बघ."

मी हळू बोलले, पण मधे वीतभर अंतर होतं. भाऊजीला ऐकू गेलं. तो खाली बघायला लागला. मग त्याचा हात टॉवेलकडे गेला, काढायला. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "पाटील, राहू द्या, राहू द्या! वहिनींबरोबर एक!" मास्तर माइकवरून म्हणाले, "आज हा मान उतरवायचा नाही." लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. फोटो निघाला.

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. दोन तास भाषणं झाली आणि दोन तास तो टॉवेल त्याच्या गळ्यात होता. मांडवात ऊन तापलं होतं, त्याच्या मानेवरून घाम उतरत होता आणि तो मान हलवत नव्हता. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याला बोलायला उभं केलं तेव्हा चार वाक्यं बोलला आणि पाणी मागितलं. लोकांना वाटलं, गहिवरला. मी जेवले. बुंदी चांगली झाली होती, दोनदा घेतली. मग दुपारच्या एसटीनं नाशिकला आले.

तिसऱ्या दिवशी जावेचा फोन.

"ताई, म्या बघितला आतून."

"हं."

"म्या तवाच इचारलं होतं, लग्नातला टॉवेल कुठं गेला. म्हणले, वढ्यात व्हावून गेला. एप्रिलात वढ्याला पाणी कुठं असतंय, ताई?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"लेकीचा संसार होता."

"आणि माझा?"

तिला मी सोडलेलं नाही, हेही लिहून ठेवते. तिनं विहिरीवर बावीस वर्षं माझ्याशेजारी बसून धुणं धुतलं असतं तरी ती बोलली नसती. शेवटी ती म्हणाली, "धुऊन परत देऊ का?"

"धुऊ नको. आणि परतही देऊ नको. त्याच्या नजरेसमोर ठेव."

तिनं ठेवला. हे मला महिन्याभरानं माझ्या पुतण्याकडून कळलं. तो द्राक्षं द्यायला आला होता. म्हणाला, धाकट्या काकी पाटीलकाकांशी बोलत नाहीत. ताट वाढतात, चहा देतात, पण बोलत नाहीत. काकांच्या खाटेसमोरच्या खुंटीला एक जुना डागाळलेला टॉवेल अडकवलाय. काकांनी तो दोनदा काढून फेकला, काकींनी दोनदा उचलून पुन्हा तिथंच अडकवला. आता काका ओसरीवर झोपतात. गावातलं कुणी बसायला आलं की काकी त्याला टॉवेल बघू देतात. कोपरा वर करून दाखवतात, काही सांगत नाहीत. टाके गावातल्या सगळ्या बायका ओळखतात.

जाताना पुतण्या दारात घुटमळला. "काकी, त्यांनी निरोप दिलाय. तेवढा टॉवेल घेऊन जा म्हणाले. हात जोडून सांगितलंय."

"त्यांना सांग," मी म्हणाले, "टॉवेल तुमच्या हद्दीत आहे. मला हात लावता येत नाही."

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं तो निरोप शब्दाला शब्द पोचवला, असं नंतर सांगितलं. भाऊजी काय म्हणाला, विचारलं तर म्हणाला, काही नाही, आत गेले.

नातीचं प्लास्टर कधीच निघालं. त्या मालिकेचे पुढचे आठ भाग आलेत म्हणते, तीच स्वेटरवाली, आता समुद्राकाठची हद्द. मी म्हणाले, लाव. मात्र या वेळी त्यांनी म्हाताऱ्याला वेडा केलं तर मी मधेच उठून जाणार आहे.